मामाचा हिरवा हेडसेट

एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ती 23 वर्षांची आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, करते आहे आणि तिचे उड्डाणाचे 62 तास झाले आहेत. फीसाठी वडिलांनी घर तारण ठेवलं आहे. तिचा मामा अमेरिकेत कनेक्टिकटला असतो. नोकरी सांभाळून तो शनिवार-रविवारी छोटं विमान उडवायचा. डोळ्यांच्या त्रासामुळे त्याने उडवणं सोडलं, आणि भाचीला ॲडमिशन मिळाली तेव्हा आपला हेडसेट तिच्या हातात दिला. डेव्हिड क्लार्क कंपनीचा, हिरव्या वाट्यांचा एच10-13.4, 1990च्या दशकात घेतलेला. गेले दोन महिने त्याचा माइक दगा देतो आहे. कधी आरटीवर, म्हणजे टॉवरशी रेडिओवर बोलताना, ‘पुन्हा सांगा’ असं येतं, कधी शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरना तिच्या वाक्याची सुरुवातच ऐकू येत नाही. कानांच्या गाद्या कडक झाल्या आहेत, आतला फोम काळ्या भुकटीसारखा केसांत पडतो. गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने पिनेला डाग दिला, तो चार दिवस टिकला. बरोबरच्या दोघांकडे नॉइज कॅन्सलिंगचे महागडे हेडसेट आहेत, आणि तिच्या हेडसेटला ते ‘पुराणवस्तू’ म्हणतात. इन्स्ट्रक्टर म्हणतात नवा घे. वडील म्हणतात, आणखी थोडं कर्ज काढू. तिचे प्रश्न असे: एवढा जुना हेडसेट कंपनी दुरुस्त करून देईल का? त्यात पैसे घालणं शहाणपणाचं आहे का? आणि नवा घ्यायचं ठरलं तर मामाला कुठल्या तोंडाने सांगू?

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘हेडसेट गेलाय हे तर नक्कीच.’ मी तिथेच अडलो. कशावरून नक्की?

मी 26 वर्षं छोट्या विमानांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या टेबलावर काढली आहेत. हेडसेट गेला म्हणून जे हेडसेट माझ्यासमोर आले, त्यांतले कित्येक ठणठणीत होते. तुझ्या ओठांपासून रेडिओपर्यंत बऱ्याच गोष्टी आहेत: माइक, माइकची दांडी, वायर, पिन, विमानातलं सॉकेट, त्यामागच्या वायरी, इंटरकॉम (विमानातल्या विमानात एकमेकांशी बोलायची सोय), पीटीटीचं बटण (रेडिओवर बोलताना दाबून धरायचं). यातलं काहीही सैल झालं की तक्रार एकच ऐकू येते, आवाज तुटतो. आणि दोष नेहमी हेडसेटच्या माथी येतो, कारण तो डोक्यावर असतो आणि दिसतो.

तू दोन वेगवेगळ्या तक्रारी एका वाक्यात लिहिल्या आहेस. त्या आधी सुट्या करू.

इन्स्ट्रक्टरना तुझ्या वाक्याची सुरुवात ऐकू येत नाही, ही इंटरकॉमची गोष्ट आहे. इंटरकॉमवर स्क्वेल्चचं बटण असतं. तुम्ही बोलत नसाल तेव्हा इंजिनाचा गोंगाट सगळ्यांच्या कानात ओतला जाऊ नये म्हणून ते माइक बंद ठेवतं आणि आवाज आला की उघडतं. ते जास्त घट्ट फिरवलेलं असलं, की तुझा पहिला शब्द दार उघडण्यात खर्च होतो. ‘फ्लॅप्स’ म्हणालीस तर ‘लॅप्स’ ऐकू येतं. मऊ आवाजात बोलणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, आणि स्कूलच्या विमानात आधीच्या माणसाने बटण कुठे ठेवलं हे कुणी बघत नाही. इंजिन चालू असताना, कुणी बोलत नसेल तेव्हा, गोंगाट ऐकू येईपर्यंत ते सैल कर आणि मग गोंगाट जेमतेम थांबेल इतकंच परत घट्ट कर.

आरटीवर शब्द तुटतात ही दुसरी गोष्ट. तिथे पहिली शंका तुझ्या अंगठ्यावर घे. पीटीटी दाबणं आणि बोलणं एकाच क्षणी सुरू झालं, तर पहिला शब्द हवेत जातच नाही. बटण दाब, अर्धा श्वास थांब, मग बोल. 60-65 तासांच्या टप्प्यावर हे होतं, कारण आता तू आरटीला घाबरत नाहीस आणि घाई करतेस.

तिसरी गोष्ट माइकची. तुझ्या हेडसेटचा माइक गोंगाट गाळणारा आहे. त्याला पुढून आणि मागून, दोन्हीकडून छिद्रं असतात. लांबून येणारा इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखाच पोचतो आणि बराचसा आपसात कटतो. अगदी जवळून आलेला तुझा आवाज एकाच बाजूने जोरात जातो म्हणून उरतो. याचा अर्थ माइक ओठांच्या जवळ हवा, 3 मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ टेकलेला, आणि बोलायची बाजू ओठांकडे हवी. फोमची टोपी काढून बघ, बोलायच्या बाजूला खूण असते. टोपी धुवायला काढली, दांडी फिरली, माइक उलटा बसला, आणि माणूस महिनाभर ओरडून बोलतोय, हे मी पाहिलेलं आहे.

हे सगळं तपासायला एक पैसा लागत नाही. त्यानंतरची चाचणीही फुकटच आहे. तुझा हेडसेट उजव्या सीटच्या सॉकेटमध्ये लाव आणि इन्स्ट्रक्टरांचा तुझ्या सॉकेटमध्ये. बिघाड हेडसेटबरोबर उजवीकडे गेला तर हेडसेटचा. डावीकडेच राहिला तर विमानाचा. दुसऱ्या विमानातही एकदा लावून बघ. हे जमिनीवर, इन्स्ट्रक्टर बरोबर असतानाच कर.

एक प्रसंग सांगतो. एक विद्यार्थी असाच आला होता, दोन हेडसेट बदलून झाले होते, तिसरा विकत घ्यायच्या बेतात होता. मी विमानात बसलो आणि पिन घालून जराशी फिरवली, तर पिनेबरोबर अख्खं सॉकेटच पॅनेलमध्ये फिरलं. मागचा नट सैल झालेला. रोज पिना घालता-काढता ते थोडं थोडं फिरत राहिलं आणि मागची वायर पिळून पिळून एका तारेवर आली होती. नट आवळला, वायर नवी लावली. त्या मुलाच्या वडिलांनी दोन हेडसेटचे पैसे आधीच मोजले होते, आणि ते वडीलही तुझ्या वडिलांसारखेच होते. म्हणून मी ही चाचणी कुणालाही करायला लावल्याशिवाय पुढचं बोलत नाही.

आता समजू, की दोष खरंच हेडसेटचा निघाला. तू लिहितेस की मान डावीकडे वळवली की आवाज जातो. हे वायरचं लक्षण आहे. वायर तुटते ती जवळजवळ नेहमी टोकाला, म्हणजे पिनेच्या मानेपाशी किंवा वाटीत शिरते तिथे. बाहेरून काही दिसत नाही. आपल्याकडच्या घामात आणि पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. अशा जुन्या वायरीचं आवरण सोलून बघितलं, तर आतलं तांबं लालसर नसतं. ते हिरवं-काळं पडलेलं असतं, आणि हिरवेपणा आवरणाच्या आत बोटभर, कधी वीतभर चढलेला असतो. अशा तारेवर डाग धरत नाही. वरवर चिकटतो आणि चार दिवसांनी सुटतो. तुझ्या मोबाइलवाल्याचा डाग का टिकला नाही, याचं कारण बहुधा हेच असावं. त्याला बोल लावू नकोस. त्याने समोर दिसलेला तुटका भाग जोडला. पण परत त्याच्याकडे नेऊ नकोस. विमानाच्या माइकची पिन साध्या हेडफोनसारखी नसते. कानाची पिन पाव इंची, तर माइकची किंचित बारीक, सव्वापाच मिलीमीटरच्या आसपास, आणि तिच्यावर तीन जोडण्या असतात: टोकाला पीटीटी, मधल्या कड्यावर माइक, खाली ग्राउंड (अर्थिंग). टोक आणि कडं यांच्या वायरींची अदलाबदल झाली तर माइक मुका होतो, आणि शोधणारा माइकलाच दोष देत बसतो.

घरी एवढंच कर: दोन्ही पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून घे. पॉलिश पेपर लावू नकोस, वरचा मुलामा निघून जातो.

आता तुझा मूळ प्रश्न. कंपनी एवढा जुना हेडसेट दुरुस्त करेल का?

या प्रश्नामागे एक समज आहे, की 30 वर्षं जुनी वस्तू म्हणजे मेलेली वस्तू आणि कंपनीला फक्त नवं विकायचं असतं. मोबाइलच्या बाबतीत आपला अनुभव तसाच आहे, त्यामुळे तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हा हेडसेट वेगळ्या घरात जन्मला आहे. डेव्हिड क्लार्क ही मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरातली कंपनी. 1935मध्ये सुरू झाली तेव्हा ती विणलेले कपडे करायची. दुसऱ्या महायुद्धात तिने लढाऊ वैमानिकांसाठी जी-सूट (वेगाच्या वळणांत रक्त पायांकडे उतरू नये म्हणून घालायचे पोशाख) केले. पुढे एक्स-15 या प्रायोगिक रॉकेट विमानाच्या वैमानिकांचे दाबाचे पोशाख तिचेच. 1965मध्ये नासाच्या जेमिनी यानातून अंतराळवीर एड व्हाइट अंतराळात बाहेर पडला, तोही हिच्याच पोशाखात. कल्पना चावलाचा तो केशरी पोशाखातला फोटो तुझ्या खोलीच्या भिंतीवर असेल तर बघ, तो पोशाखही याच कंपनीचा आहे. असा पोशाख फाटला तर टाकून नवा आणा असं चालत नाही. शिवण उसवून, तुकडा बदलून, पुन्हा शिवून, तपासून तो परत वापरात येतो. त्याच हातांची सवय तुझ्या हेडसेटमध्ये उतरली आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे.

हे कौतुक बाजूला ठेवलं तरी रचना बघ. एच10-13.4 आजही बनतो आणि विकला जातो, आणि त्याचा घाट तुझ्या मामाच्या हेडसेटसारखाच आहे. त्यामुळे कानाच्या जेलच्या गाद्या, डोक्यावरची उशी, माइक, वायर, आतला फोम हे भाग आजच्या मालातून जुन्याला बसतात. बहुतेक भाग स्क्रूने बसवलेले आहेत, चिकटवलेले नाहीत. नव्या हेडसेटवर पाच वर्षांची वॉरंटी असते, तुझ्याची ती कधीच संपली, म्हणजे दुरुस्तीचे पैसे पडतील. पण 20-30 वर्षं जुने हेडसेट वूस्टरला पाठवून परत वापरात आणण्याची वैमानिकांमध्ये रीतच आहे. तेव्हा तुझा पहिला प्रश्न मला अवघड वाटत नाही.

अवघड आहे तो पैशाचा, आणि त्याहून महत्त्वाचा कानांचा. तू माइकबद्दल अर्धं पान लिहिलं आहेस आणि गाद्या कडक झाल्याचं एका ओळीत. मी उलटं केलं असतं.

सेसनासारख्या एक इंजिनाच्या विमानात आवाज 90 ते 100 डेसिबलच्या दरम्यान असतो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश संस्थेची शिफारस अशी आहे, की 85 डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ठीक, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 94ला एक तास, 97ला अर्धा तास. तुझी एक सॉर्टी, म्हणजे एका वेळचं उड्डाण, तेवढी असते. तुझ्या हेडसेटचं आवाज अडवण्याचं मान 23 डेसिबल आहे, पण ते गादी कानाभोवती सगळीकडून नीट टेकली तरच. कडक झालेली गादी टेकत नाही. कानामागे, जबड्यापाशी, चष्म्याच्या काडीपाशी फट राहते, आणि इंजिनाची खालच्या सुरातली घरघर तिथूनच आत येते. इंजिन चालू असताना दोन्ही वाट्या तळहातांनी कानांवर दाबून बघ. आवाज एकदम कमी झाला तर गाद्या गेलेल्या आहेत. क्लास वन मेडिकलला, म्हणजे वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीत, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) असते हे तुला माहीत आहेच. सीपीएलला 200 तास करायचे आहेत. हेडसेट पुन्हा मिळतो, कानाची गेलेली ताकद परत येत नाही. गाद्या, आतला फोम आणि माइकची टोपी आधी मागव, बाकीचं काहीही ठरो. या गोष्टी बदलायला कारागीर लागत नाही. जुनी गादी कडेने सोलून काढायची, नवीचा पदर वाटीच्या कडेवर चढवायचा, झालं.

उरतात वायर आणि माइक. इथे तीन वाटा आहेत.

एक, सुटे भाग मागवून इथेच कुणा जाणत्याकडून बसवून घेणं. फक्त माइक गेला असेल तर ही वाट चांगली, कारण माइक दांडीच्या टोकाला बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो. पण वायर बदलायची तर वाटी उघडून आत जोडण्या कराव्या लागतात. तुझ्या स्कूलला विमानांच्या रेडिओचं काम बघणारा माणूस येत असेल, त्याला विचार. आकृती बघून काम करणारा असेल तर दे. ‘होऊन जाईल’ म्हणणारा असेल तर देऊ नकोस.

दुसरी वाट, अख्खा हेडसेट वूस्टरला पाठवणं. तिसरी, नवा घेणं.

तुझ्या बाबतीत माझं मत दुसऱ्या वाटेकडे झुकतं, कारण एकदा डाग लावून बिघडलेली वायर आहे, 30 वर्षांचा माइक आहे, आणि मामा कनेक्टिकटला आहे. हार्टफर्डहून वूस्टर गाडीने तासाभराच्या अंतरावर. देशातल्या देशात पार्सल पाठवणं त्याला सोपं आणि स्वस्त. दुरुस्तीचे पैसे भरणं, फोनवर बोलणं, हेही त्यालाच सोपं. ज्या माणसापासून तू ही गोष्ट लपवते आहेस, तोच तुझ्या अडचणीच्या सगळ्यात जवळ राहतो.

पण काहीही पाठवायच्या आधी कंपनीच्या ग्राहक-सेवेला ईमेल कर. हे मी स्वतः शिकलो ते चटका बसून. एकदा दुसऱ्या एका परदेशी कंपनीचा जुना हेडसेट मी न विचारता पाठवून दिला. तीन महिन्यांनी तो जसाच्या तसा परत आला, बरोबर एक चिठ्ठी, की या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत. जाण्यायेण्याचा खर्च माझ्या खिशातून. तो प्रश्न एका ईमेलमध्ये सुटला असता.

ईमेलमध्ये मॉडेल आणि लेबलवरचा क्रमांक लिही. वाट्यांचे, पिनांचे, माइकचे फोटो जोड. बिघाड लिहिताना ‘माइक खराब आहे’ एवढंच लिहून भागत नाही. तू मला लिहिलंस तसं लिही: मान डावीकडे वळवली की आवाज जातो, चाचणीत तसं दिसलं तर दुसऱ्या सीटवर आणि दुसऱ्या विमानातही जातो, पिनेला एकदा बाहेर डाग दिलेला आहे. शेवटचं लपवू नकोस, त्यांना ते उघडल्याबरोबर दिसणारच आहे. मग विचार: हा दुरुस्त होईल का, साधारण खर्च किती, किती दिवस लागतील, पाठवण्याआधी काही क्रमांक घ्यावा लागतो का, आणि काम सुरू करण्याआधी अंदाजपत्रक कळवाल का. खर्चाची मर्यादा तूच आकड्यात लिहून दे, ‘याच्या वर गेल्यास काम न करता कळवावं’. ही ओळ मी कुठल्याही दुरुस्तीच्या कागदावर लिहितो.

मर्यादा किती ठेवावी? हाच नवा हेडसेट अमेरिकेत चारशे डॉलरच्या आसपास मिळतो. दुरुस्ती आणि वाहतूक मिळून त्याच्या निम्म्यापर्यंत जात असेल तर मी डोळे झाकून दुरुस्ती करीन. निम्म्याच्या वर गेली तर थांबून विचार करीन. नव्याच्या जवळ गेली तर नवाच घेईन आणि जुना सुट्या भागांसाठी जपून ठेवीन. जुन्याच्या वाट्या आणि पट्टी नव्याला पुढे कधीतरी उपयोगी पडतातच.

हेडसेट इथून तिकडे जाणार कसा, हा भाग जरा जपून कर. कुणी नात्यातलं तिकडे जात असेल आणि परत येताना तोच हेडसेट आणणार असेल, तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यायला सांग. परत येताना ‘ही वस्तू इथूनच गेली होती’ हे दाखवायला तो कागद लागतो. कुरियरने पाठवणार असशील तर कागदांवर ‘दुरुस्तीसाठी पाठवत आहे, परत येणार’ असं स्पष्ट यायला हवं, मॉडेल आणि क्रमांकासकट. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेला माल परत आला की ड्युटी दुरुस्तीचा खर्च, विमा आणि दोन्ही बाजूंची वाहतूक यांवर लागते, वस्तूच्या पूर्ण किमतीवर लागत नाही. मात्र जाताना तसं लिहिलेलं नसेल तर परत येताना तो नवा माल समजला जाऊ शकतो. कुरियर कंपनीच्या कस्टम्स पाहणाऱ्या माणसाशी आधी बोल आणि तो म्हणेल ते लेखी घे. तुझ्या हेडसेटमध्ये बॅटरी नाही, ही एक मोठी कटकट वाचली. ज्यांच्याकडे बॅटरीवाले आहेत त्यांनी सेल काढून मगच पार्सल करावं.

पाठवायची वेळही सांगतो. पावसाळ्यात तुमचं उड्डाण तसंही मंदावतं. ढग खाली असतात आणि आठवडा आठवडा ग्राउंड क्लासेसच चालतात. ते दिवस साध. तोवर स्कूलचा हेडसेट वापर, त्याच्या गाद्यांवर कापडी कव्हर घाल, आणि तोही आधी हातांनी दाबून तपास.

आता त्या महागड्या हेडसेटबद्दल. त्यांना नावं ठेवायची नाहीत. 1978मध्ये झ्युरिकहून अमेरिकेला जाताना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना विमानातल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत धड ऐकू आलं नाही, आणि त्याच प्रवासात त्यांनी गोंगाटाला उलट लहरीने मारण्याचं गणित मांडायला घेतलं. 1986मध्ये व्हॉयेजर विमानाने न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती नऊ दिवसांची. त्या दोन वैमानिकांचे कान वाचवण्यात या तंत्राचे सुरुवातीचे हेडसेट होते. इंजिनाची खालच्या सुरातली घरघर हे तंत्र जसं मारतं, तसं नुसती गादी मारू शकत नाही, हे खरंच आहे. लांबच्या उड्डाणानंतर थकवा कमी येतो, हेही खरं. पण त्यांतले वरच्या दर्जाचे बाराशे-तेराशे डॉलरचे आहेत. आणि तुला पुढे एअरलाइनमध्ये जायचं आहे असं तू लिहितेस. जेटच्या कॉकपिटमध्ये प्रोपेलरचा हा गोंगाट नसतो, तिथे पुष्कळ जण हलके, छोटे हेडसेट वापरतात. घर तारण असताना उरलेल्या 138 तासांसाठी लाखाच्या पुढची वस्तू घेणं मला पटत नाही. नव्या गाद्यांचा, नीट बसणारा तुझा हिरवा हेडसेट त्या तासांना पुरा पडेल.

‘पुराणवस्तू’ म्हणणाऱ्यांचं मनाला लागतं, हे तू लपवलं नाहीस ते बरं केलंस. मी एवढंच म्हणेन, की ठरवताना ते बोलणं आणि मामाचं ऋण दोन्ही बाजूला ठेव. लाजेपोटी नवा घेऊ नकोस आणि मायेपोटी बिघडलेला डोक्यावर चढवू नकोस. सोलोला, म्हणजे एकटीने उडवायला, जाताना आरटी तुटली तर मामाची माया तिथे उपयोगाची नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. तुमच्याकडे पहिल्या पिढीतला जुना नॉइज कॅन्सलिंग हेडसेट असेल तर हिशेब वेगळा आहे. त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स बंद झालं की कंपनीकडेही भाग नसण्याची शक्यता जास्त, म्हणून पहिला ईमेल तिथे आणखी गरजेचा. दुरुस्ती होत नसेल तर जुना घेऊन नव्यावर सूट देता का, हेही विचारावं. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल तर सेल गळलेले आहेत, ते आधी साफ करावं. कधी कधी तेवढ्यावरच हेडसेट उठून बसतो. आणि जुन्या बाजारातून लष्करी हेडसेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नये. त्याच्या माइकची जात वेगळी, विद्युत रोध (ओहम) वेगळा, पिन वेगळी. नुसता ॲडॅप्टर लावून पिन बसते, आवाज जमत नाही.

मामाला काय सांगायचं, ते शेवटी ठेवलं कारण ते सगळ्यात सोपं आहे. तू धरून चाललीस की हेडसेट बिघडल्याचं ऐकून त्याला वाईट वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्याला डोळ्यांपायी उडवणं सोडावं लागलं, त्याला भाचीचा फोन येतो, की मामा, तुझ्या हेडसेटचा माइक डावीकडे मान वळवली की जातो, तुझ्या वेळी असं व्हायचं का? अशा फोनची तो वाट बघत असेल. त्याला या हेडसेटचा इतिहास माहीत आहे. वायर आधी कधी बदलली होती का, गाद्या कधीच्या आहेत, हे तुला कंपनीही सांगू शकणार नाही. त्याच्याकडून पैसे घ्यायचे नसतील तर स्पष्ट सांग, की दुरुस्तीचे पैसे मी देणार, तू फक्त पार्सल ने आणि फोन कर. आणि नवाच घ्यायची वेळ आली, तर तेही त्यालाच आधी सांग, वडिलांच्याही आधी.

तू लिहिलं आहेस, की डाव्या वाटीवर मामाच्या नावाची, उठावाच्या अक्षरांची जुनी चिकटपट्टी आहे, कडेने जराशी सुटलेली. दुरुस्तीसाठी जाणाऱ्या चिठ्ठीत सगळ्यात खाली एक ओळ घाल, की वाटी बदलावी लागली तरी जुनी वाटी पार्सलमध्ये परत पाठवावी.